घेर फिरता, चेहरा स्थिर: हॅलोजन आणि फ्लॅश एका फ्रेममध्ये आणताना

ताईंच्या कथकवर्गाला पंचवीस वर्षं होत होती आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. ताईंची अट साधी होती. "गिरकी दिसली पाहिजे आणि समेवर आलेला चेहराही दिसला पाहिजे. एकाच फोटोत. दोन फोटो चिकटवलेले नकोत." (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे गिरकी येऊन थांबते.) ही गोष्ट नोव्हेंबर २०२४ मधली. फोटो निघाला ७ जानेवारीला, छापून आला फेब्रुवारीत, आणि नाट्यगृहाची अनामत त्याच्याही नंतर परत आली. या सगळ्यात लागलेली माहिती मला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. कॅमेऱ्याची वेगळी, विजेची वेगळी, अर्जाची तर फारच वेगळी. म्हणून घडलं त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी अडचण काय होती ते. शटर वेगात ठेवलं, म्हणजे १/२०० सेकंद वगैरे, तर घेर सुंदर पसरलेला येतो, पण मुलगी फिरते आहे की कुणी घेर धरून उभी आहे ते कळत नाही. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं तर घेराबरोबर नाक-डोळेही वाहून जातात. फक्त फ्लॅश किंवा फक्त सततचा प्रकाश घेऊन हे जमत नाही. दोन्ही एकाच फ्रेममध्ये लागतात.

यामागचं गणित एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातूनच निघतं. फ्लॅशचा प्रकाश क्षणभराचा असतो. स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवता येणारा छोटा फ्लॅश, पूर्ण ताकदीवर असला तरी सेकंदाच्या काही सहस्रांश भागात तो संपतो, आणि ताकद कमी केली की आणखी लवकर. त्यामुळे शटर १/१०० असो की अर्धा सेकंद, फ्लॅशमुळे मिळणारं एक्स्पोजर बदलत नाही. सततच्या दिव्याचं तसं नाही. शटर जितका वेळ उघडं तितका तो साठत जातो. ॲपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) दोन्ही प्रकाशांना सारखेच लागू होतात. म्हणजे शटरने घेराची रेघ किती लांब आणि किती उजळ ते ठरवायचं, आणि फ्लॅशच्या ताकदीने चेहरा ठरवायचा. एकाच फ्रेममध्ये दोन एक्स्पोजर चालू असतात आणि दोघांच्या किल्ल्या वेगळ्या असतात.

ही युक्ती जुनी आहे. १९४९ मध्ये फ्रान्समधल्या व्हालोरिस इथे छायाचित्रकार ग्योन मिली यांनी पिकासोचे जे फोटो काढले, त्यात पिकासो अंधारात छोट्या दिव्याने हवेत चित्र काढतो. दिव्याची रेघ उघड्या शटरने टिपली आहे आणि पिकासो स्वतः फ्लॅशने. ते फोटो मी आधीही पाहिले होते, पण यात दोन वेगवेगळे प्रकाश काम करताहेत हे ताईंचं काम डोक्यावर आल्यावरच नीट दिसलं.

नोव्हेंबरच्या शेवटी घरीच चाचणी केली. पांढरी, जरीकाठाची ओढणी, खोलीत अंधार आणि छताला एलईडी बल्ब. भाचीला ओढणी फिरवायला लावली. फोटोत जरीची रेघ अखंड न येता ठिपक्याठिपक्यांची आली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साध्या, स्वस्तातल्या एलईडी बल्बचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण हलणारी चकाकती वस्तू अर्ध्या सेकंदात पन्नास ठिपके उमटवून जाते. डिमरवर चालणाऱ्या बऱ्याच एलईडीतही हा प्रकार होतो. हॅलोजनची तार मात्र तापलेली असते. वीज क्षणभर उतरली तरी ती तेवढ्यात गार होत नाही, त्यामुळे रेघ सलग येते. व्हिडिओसाठीचे चांगले, न लुकलुकणारे एलईडी मिळतात आणि त्यांचा रंग फ्लॅशच्या जवळचा असल्यामुळे पुढची रंगांची कटकटही वाचते. पण त्यांचं भाडं आमच्या बजेटच्या बाहेर होतं, आणि ताईंना उबदार रंग हवा होता. हॅलोजन ठरला.

आता जागा. वर्गाच्या खोलीत मागची भिंत पांढरी आहे आणि ती नर्तिकेपासून फार जवळ. या प्रकारात पार्श्वभूमी काळीच लागते, कारण फोटोत प्रकाश फक्त मिळवता येतो, वजा करता येत नाही. मागे उजळ भिंत असेल तर फिरणाऱ्या केसांच्या आणि हातांच्या जागी भिंतच उमटते आणि माणूस भुतासारखा आरपार दिसतो. काळा पडदा, मागे भरपूर खोली आणि पूर्ण अंधार, हे तिन्ही मिळण्याची जागा आमच्या गावात एकच: नगरपालिकेचं नाट्यगृह.

२ डिसेंबरला अर्ज द्यायला गेले. छापील अर्जात तीन रकाने होते: प्रयोग, कार्यक्रम, तालीम. फोटो काढणं यांपैकी कशातच बसेना. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "हे चित्रीकरणात येईल." चित्रीकरणाचा दर तालमीच्या कितीतरी पट. मी म्हटलं, हलती चित्रं नाहीत, एकच फोटो आहे. ते म्हणाले, "एका फोटोसाठी नाट्यगृह?" त्यांचा प्रश्न तसा रास्त होता. शेवटी त्यांच्याच सल्ल्याने वर्गाच्या लेटरहेडवर ताईंच्या सहीने पत्र दिलं: "वर्गाच्या वर्धापनदिन कार्यक्रमाची तालीम व त्यावेळी छायाचित्रण, प्रेक्षक नाहीत, ध्वनिक्षेपक नाही, तिकीटविक्री नाही." ही शेवटची तीन वाक्यं फार कामाची आहेत. प्रत्येक "नाही"मुळे एकेक कागद कमी होतो. सोबत ताईंच्या आधार कार्डाची प्रत, वर्गाच्या नोंदणीची प्रत आणि बाहेरून कोणती विजेची उपकरणं आणणार त्याची यादी, वॅटसकट.

वॅट लिहायला लाजू नका. मी लिहिलं: हॅलोजन ५०० वॅट, २ नग. दोन्ही मिळून एक किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला साडेचार अँपियरच्या आत. साध्या पंधरा अँपियरच्या प्लगवर आरामात चालतं. हा हिशोब अर्जातच असल्यामुळे वायरमनकडून येणारा शेरा एका ओळीत आला. माझ्या पुढच्या अर्जदाराने नुसतं "लाइट आणणार" लिहिलं होतं. त्याला परत पाठवलं.

मग वाट पाहणं. अर्ज व्यवस्थापकांकडून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला, तिथून शेरा होऊन परत यायचा होता. लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलनं एकाच वेळी चालू, त्यामुळे डिसेंबरभर सभागृह मोकळं नव्हतं. फोन उचलला जायचा नाही, प्रत्यक्ष गेलं की "साहेब मीटिंगला". आवक क्रमांक मात्र अर्ज देतानाच पोचपावतीवर लिहून घेतला होता आणि तो सांगितला की शोधाशोध पाच मिनिटांत संपत असे. १९ डिसेंबरला परवानगी हाती आली. मंगळवार, ७ जानेवारी, सकाळी ८ ते १२, तालमीच्या दराने २,८०० रुपये, वर जीएसटी, वीज मीटरप्रमाणे वेगळी, अनामत ५,००० रुपये. धूर सोडायचं यंत्र वापरायचं नाही, पडद्याला टाचणी लावायची नाही, रंगमंचावर खिळा ठोकायचा नाही. यातलं काहीच आम्हाला नको होतं.

मधल्या दिवसांत सामान जमवलं. पाचशे वॅटचे हॅलोजन पूर्वी प्रत्येक मांडववाल्याकडे असायचे. आता सगळ्यांनी एलईडी घेतले आहेत. आमच्या मांडववाल्या काकांनी गोदामाच्या मागच्या खोलीतून दोन काढून दिले, काच पुसून, दिवसाला दीडशे रुपये नग. "हे कशाला हवेत तुम्हाला? वीज खातात नि भाजतात." दोन्ही गोष्टी खऱ्या. एक जास्तीची नळी मागून घ्या, आणि ती बदलताना उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचं तेल लागलं की तापल्यावर ती तिथेच तडकते. कागदात धरून बसवायची.

दोन स्पीडलाइट, ते दुरून पेटवणारा ट्रिगर आणि प्रकाश मऊ करणारा, जाळी लावलेला छोटा सॉफ्टबॉक्स पुण्याहून दोन दिवसांच्या भाड्याने आणला, सगळं मिळून २,४०० रुपये, शिवाय ओळखपत्र आणि परत मिळणारी अनामत. फ्लॅश एकच पुरला असता, पण तो पूर्ण ताकदीवर टाकावा लागला असता. दोन फ्लॅश एका ब्रॅकेटवर शेजारी लावून प्रत्येकी अर्ध्या ताकदीवर ठेवले की प्रकाश तेवढाच मिळतो, मात्र प्रत्येक झोत आखूड होतो आणि बोटांच्या टोकांपर्यंत सगळं जास्त स्वच्छ थांबतं. शिवाय बॅटरी लवकर सावरते. पुढची गिरकी सुरू झाली आणि फ्लॅश अजून भरतोच आहे, असं होत नाही.

भाड्याने घेताना दुकानातच एक गोष्ट तपासा. फ्लॅश एक्स्पोजरच्या शेवटी पेटवता येतो का? नेहमी तो शटर उघडताक्षणी पेटतो. मग चेहरा गिरकीच्या सुरुवातीचा येतो आणि सगळी हालचाल त्याच्या पुढे, त्याच्यावरून वाहत जाते. आम्हाला सम शेवटी हवी होती, म्हणून रिअर कर्टन सिंक, म्हणजे शटर मिटताना फ्लॅश पेटवण्याची सोय, लागणार होता. कॅमेऱ्यात ही सोय असते, पण बिनतारी ट्रिगर मध्ये आला की काही जोड्यांमध्ये ती बंद पडते. दुकानातच एक सेकंदाचं शटर ठेवून बघा: कॅमेऱ्याचा पहिला "टक" ऐकू आल्यावर फ्लॅश लगेच पेटला तर ती जोडी उपयोगाची नाही. दुसऱ्या "टक"बरोबर पेटायला हवा. आणि फ्लॅश मॅन्युअलवरच ठेवा. टीटीएलवर, म्हणजे ताकद कॅमेऱ्यालाच ठरवू दिली तर, मोजमापासाठी आधी एक हलका झोत सुटतो. नाचणारी मुलगी त्यालाच फोटो समजते.

राहिला रंग. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका रंग नारिंगी. फ्लॅश साधारण ५६०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा. मांडवाचा हॅलोजन ३००० च्या खालीवर. दोन्ही तसेच वापरले तर चेहरा निळसर किंवा घेर गडद नारिंगी, दोनपैकी एक सहन करावं लागतं. म्हणून फ्लॅशसमोर नारिंगी जिलेटिन, सीटीओ नावाचं. मी पूर्ण आणि अर्धं अशी दोन्ही आणली, दोन्हींचे मिळून हजाराच्या आत पडले. पूर्ण सीटीओतून फ्लॅश साधारण २९५० केल्विनला उतरतो, म्हणजे हॅलोजनच्या अगदी शेजारी. अर्ध्यातून तो ३५०० च्या आसपास राहतो. कुठलं वापरायचं ते रंगमंचावर ठरवू असं म्हटलं.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा वर्गातच गेला, आणि या सगळ्या प्रकारातला माझा आवडता भाग तोच. फ्लॅश शेवटी पेटणार, म्हणजे मला समेवर बटण दाबून चालणार नव्हतं. शटर अर्धा सेकंदाचं असेल तर समेच्या अर्धा सेकंद आधी दाबायला हवं. अर्धा सेकंद डोक्यात मोजणं कुणालाच जमत नाही. पण लयीत मोजता येतो. ताईंच्या फोनवर लहऱ्याचं, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेचं, ॲप आहे. तीनतालाची लय मिनिटाला २४० मात्रांवर ठेवली की एक मात्रा पाव सेकंदाची होते. अर्धा सेकंद म्हणजे दोन मात्रा. म्हणजे पंधराव्या मात्रेवर दाबायचं, सोळावी जाऊ द्यायची, समेवर फ्लॅश.

मला मात्रा मोजता येत नाहीत. हे ऐकून ताई हसल्या आणि म्हणाल्या, "मग मोजू नकोस, बोल." गिरकीची तिहाई (तीनदा येणारे तेच बोल) संपते ती "तिगदा दिगदिग थेई"ने, आणि "थेई" समेवर. यातला प्रत्येक शब्द एका मात्रेचा. म्हणजे शेवटच्या "तिगदा"वर बोट. मग मी रोज संध्याकाळी वर्गात बसून मुलींबरोबर पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले, आणि "तिगदा"वर रिकामं बटण दाबत राहिले. कॅमेऱ्याला स्वतःचा थोडा उशीर असतो, बोटाला त्याहून जास्त. त्यामुळे प्रत्यक्षात "तिग"च्या किंचित आधीच दाबावं लागतं. छोट्या मुलींना हा खेळ फार आवडला. त्यातली एक तर माझ्यापेक्षा अचूक दाबायची.

तबलावादक सोबत असतील तर लय थोडी मागेपुढे होते, जिवंतपणा येतो, पण फोटोसाठी ॲपची यांत्रिक लय बरी. आणि शटर लयीवरून ठरवा, उलट नको. लय संथ असेल, समजा मिनिटाला १२०, तर अर्धा सेकंद म्हणजे एकच मात्रा आणि बोट "दिगदिग"वर जाईल.

कपड्यांबद्दल. गडद मरून रंगाचा पोशाख रंगमंचावर कितीही शोभत असला तरी काळ्या पडद्यापुढे त्याची रेघ उमटतच नाही. पांढरा किंवा फिकट पिवळा अनारकली, खाली जरीचा रुंद काठ. ओढणी कमरेला घट्ट खोचून, पिनांनी पक्की. कारण अर्ध्या सेकंदात पांढरी ओढणी चेहऱ्यासमोरून एकदा जरी गेली तरी तिचा प्रकाश चेहऱ्यावर साठतो आणि धुक्याचा पापुद्रा आल्यासारखं दिसतं. फ्लॅश कितीही असो, तो पापुद्रा जात नाही. याच कारणाने वेणी मोकळी न ठेवता खोपा घातला.

७ जानेवारी. आठला पोचलो, कुलूप साडेआठला उघडलं. या अर्ध्या तासाची सोय आधीच धरून ठेवा. वायरमन काका आले, त्यांनी माझे हॅलोजन पाहिले आणि त्यांना वाईट वाटलं. "आमचे पार आहेत की हजार वॅटचे, वरती टांगलेले. हे लग्नातले कशाला?" पार म्हणजे रंगमंचावरचे मोठे दिवे. एक पार लावून बघितला. ॲपर्चर एफ ८ आणि शटर अर्धा सेकंद म्हटल्यावर पांढरा काठ पूर्ण जळून गेला. डिमर खाली आणला तर प्रकाश कमी होताना लालही होत गेला. हॅलोजनचा हा स्वभावच आहे, वीज कमी मिळाली की रंग खाली घसरतो. लेन्ससमोर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी करडी काच, लावायचा तर फ्लॅशही तेवढाच कापला जातो, म्हणजे पुन्हा फ्लॅश पूर्ण ताकदीवर. काका दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "मग तुमचेच लावा." त्यानंतर ते शेवटपर्यंत थांबले आणि मदत केली.

मांडणी अशी. मुलीच्या मागे डावी-उजवीकडे, विंगेच्या आडोशाने, दोन हॅलोजन, साधारण साडेतीन मीटरवर आणि कंबरेच्या उंचीचे. मागून प्रकाश दिल्याचा फायदा असा की घेराच्या कडा आणि जर चमकते, आणि ज्या क्षणी चेहऱ्यावर हॅलोजन पडतो त्या क्षणी तो कॅमेऱ्याकडे पाठ करून असतो. हॅलोजनच्या वरच्या अर्ध्या भागाला पत्र्याची पट्टी आडवी लावली, म्हणजे खांद्याच्या वर प्रकाश जाणार नाही. पुठ्ठा लावू नका, पेट घेतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डावीकडे, डोक्यापेक्षा थोडा उंच, दोन मीटरवर, जाळीसकट. जाळी नसती तर त्याचा प्रकाश मागच्या पडद्यावर सांडला असता आणि पडद्याच्या चुण्या दिसल्या असत्या. त्या पडद्यावर धूळ किती होती ते मग सगळ्यांना कळलं असतं.

मोजणी दोन हप्त्यांत केली. आधी फ्लॅश बंद, फक्त हॅलोजन: आयएसओ २००, एफ ८, अर्धा सेकंद, मुलगी स्थिर उभी. मग हॅलोजन चालूच, पण शटर १/२०० वर आणि फ्लॅश चालू. इतक्या कमी वेळात हॅलोजन जवळजवळ नाहीसा होतो आणि फ्लॅश एकट्याने काय करतोय ते दिसतं. दोन्ही वेगवेगळे पटले की मग एकत्र. फ्लॅश मीटर नसला तरी या पद्धतीने काम होतं.

एक गोष्ट उलटी वाटेल. मुलगी स्थिर असताना हॅलोजनमध्ये काठ एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त उजळ दिसायला हवा. कारण फिरायला लागली की तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो आणि प्रत्येक जागेच्या वाट्याला थोडाथोडाच येतो. स्थिर उभं करून अचूक मोजलं तर फिरताना घेर मरगळलेला येतो. याचा दुसरा उपयोगही झाला. मी बटण उशिरा दाबलं तर मुलगी समेवर थांबल्यानंतरही शटर उघडंच असायचं आणि काठ एका जागी जळायचा. काठ जळलेला दिसला की पुढच्या वेळी बोट अलीकडे.

अंधाराचा त्रास मात्र मी धरला नव्हता तिथून आला. गिरकी घेताना नर्तकी नजर एका बिंदूवर ठेवते. मान शेवटी फिरते आणि पहिल्यांदा परत येते, म्हणून भोवळ येत नाही. प्रेक्षागृह पूर्ण काळं केल्यावर बिंदूच उरला नाही. मुलगी म्हणाली, "मावशी, समोर काहीतरी लावा ना." वायरमन काकांनी लाल झिरोचा बल्ब माझ्या ट्रायपॉडशेजारी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावून दिला. भोवळ थांबली, आणि वर नजरही बरोबर लेन्सच्या जवळ येऊ लागली. फ्लॅश डोळ्यावर आल्यावर दोन-तीन सेकंद दिसायला वेळ लागतो, तेव्हा दोन गिरक्यांच्या मध्ये थांबू द्या. घाई केली तर पाय मुरगळायचा.

रंगाचा निर्णय ताईंनी घेतला. पूर्ण सीटीओ लावून, कॅमेरा ३००० केल्विनवर ठेवून काढलेला फोटो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होता. चेहरा, घेर, जर सगळं एका रंगाचं. ताई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "छान आहे, पण दिवे कुठे गेले?" मग अर्धं सीटीओ, कॅमेरा ३५०० वर. चेहरा स्वच्छ राहिला आणि मागचा घेर किंचित सोनेरी झाला. मलाही हेच जास्त पटलं. दोन प्रकाश पूर्ण जुळवायचे म्हणजे त्यांच्यातला फरक पुसायचा, आणि इथे तोच फरक कामाचा होता. जिलेटिन अजिबातच न लावता केलेली चाचणी मात्र आगीत नाचल्यासारखी दिसत होती. ती काहींना आवडेल.

साडेअकराला फोटो मिळाला. हे कळतं कसं, तर स्क्रीनवर बघण्याआधीच. "थेई"चा पाय आणि फ्लॅश एकाच वेळी पडले, आणि वर्गातल्या मुली ओरडल्या. त्यानंतरही काही गिरक्या घेतल्या, पण त्यातली एकही त्याच्या जवळ आली नाही. उजवा पाय किंचित हलला आहे, घुंगरांच्या जागी बारीक सोनेरी कंस आले आहेत. ताईंनी तो दोष काढू दिला नाही. बाराला पाच कमी असताना व्यवस्थापकांचा माणूस घड्याळाकडे बघत उभा राहिला, तोवर हॅलोजन बंद करून पंधरा मिनिटं झाली होती. हे आधीच करा. तापलेला हॅलोजन उचलता येत नाही आणि तो गार होण्याची वेळ भाड्यातच मोजली जाते.

छपाईबद्दल दोन ओळी. स्क्रीनवरचा सोनेरी नारिंगी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, गेला की मंदावतो. छापखान्यातल्या दादांना आधी फक्त मुखपृष्ठाचा नमुना काढायला सांगितला, त्याचे दोनशे रुपये पडले, आणि काळ्याचा ठोकळा कसा बसतो तेही कळलं. पहिल्या नमुन्यात घेराची सर्वांत अंधुक टोकं काळ्यात बुडाली होती. ती थोडी उजळून दुसरा नमुना घेतला आणि तो मंजूर झाला.

अनामतीसाठी पुन्हा खिडकी. आता अर्ज वेगळा: मूळ पावती, परवानगीची प्रत, "नुकसान नाही" असा वायरमनचा शेरा आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश. तो वर्गाच्या नावाचा हवा, कारण पावती वर्गाच्या नावाची. ताईंच्या स्वतःच्या खात्याचा चालत नाही. वर्गाचं चेकबुक संपलेलं होतं, ते बँकेतून येईपर्यंत जानेवारी गेला. २४ फेब्रुवारीला ४,७६० रुपये खात्यात आले. कापलेले २४० रुपये विजेचे. आमच्या दोन हॅलोजनचे चार तासांचे जास्तीत जास्त चार युनिट होतात, पण तिथे किमान आकार लागतो, मीटर काहीही दाखवो. रद्द केलेला धनादेश पहिल्या अर्जालाच जोडून ठेवला आणि वायरमनचा शेरा त्याच दिवशी, तो समोर असतानाच, परवानगीच्या मागच्या बाजूला घेतला तर यातला बराच काळ वाचेल.